डोंगरावरचा वळसा

चहा घ्या, सांगतो. माझी नात सुजाता धुळ्याला शिकते. रविवारी ती मैत्रिणींना घेऊन आमच्या साक्रीकडच्या डोंगरावर चढणार होती. फोनात वाट दाखवणारी दोन ॲप होती, त्यातलं कोणतं ठेवावं ते तिला ठरेना. मी म्हटलं, मीच येतो सोबत.

"आबा, तुमच्या चालीनं आम्हाले रात व्हई जाई!"

मग तिने दोन्ही ॲप चालू करून फोन माझ्या खिशात घातला. मी रोजच्या वाटेने वर जाऊन आलो, की ती वाट फोनात उमटणार आणि पोरी तिच्यावरून जाणार.

परत आलो. एका ॲपने वाट सरळ काढली होती, दुसऱ्याने मधेच मोठा वळसा.

"हाई येडं शे," म्हणत ती वळशाचं ॲप पुसायला निघाली.

"थांब बेटा. तठे मीच वळनू. उंबरना झाडवर आग्या मोहोळ शे."

तिचं बोट तिथंच थांबलं.

रविवारी पोरी वळसा घालून गेल्या आणि हसत खाली आल्या. एकीलाही माशी डसली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

सुजाता शेजारी टेकली. "आबा, खरं ॲप सापडनं. आते मोहोळसारखं काही व्हई तर तुम्ही बी आधीच बोलत जा."