बाळाला पाणी कुणी पाजलं?

मंडळी, मागं उभे आहात ते पुढं या. सतरंजीवर जागा आहे. बायकांनो, दारात थांबू नका, आत या. आत्ती असत्या तर त्यांनी आधी सगळ्यांना बसवलं असतं, मगच कुणाला बोलू दिलं असतं.

मी विद्या. सुगंधाबाईंची थोरली सून. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात, तेव्हा मी आत्तीच म्हणणार. माइक हातात घेतलाय खरा, पण शब्द जुळेनात. आवाज अडकला तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी पाहुणे बोलले. आत्तींनी हुपरीतल्या किती बाळंतिणींना धीर दिला, किती घरांत त्या हक्कानं शिरायच्या, ते सांगितलं. सगळं खरं आहे. पण आत्ती या कामाला लागल्या कशा? ते कुणी सांगितलं नाही. ते घरातलं आहे, म्हणून मी सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आत्ती स्वतःच ते चारचौघांत सांगायच्या.

ही माझी ऐश्वर्या. आज शाळेत जाते. ही झाली तेव्हा कडक उन्हाळा होता. तुम्हाला माहीत आहे, आमचं घर म्हणजे पैंजणांचा कारखानाच. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत बाळंतीण. चांदी आटवायला घेतली की भिंती तापायच्या. पोर किरकिर करायची. वजन म्हणावं तसं वाढत नव्हतं. येणारीजाणारी म्हणायची, "पोरीला दूध पुरत न्हाई. डबा सुरू करा." ह्यांनी पावडरच्या दुधाचा डबा आणूनही ठेवला होता. फडताळात. फोडला नव्हता, पण मला रोज दिसायचा.

मंडळी, पहिलटकरणीला असं कुणी म्हटलं की काय होतं, ते इथल्या बायकांना विचारा. माझ्यातच काहीतरी कमी आहे, असं मला वाटायला लागलं. मी जेवायला बसले तरी घास उतरायचा नाही.

त्याच दिवसांत कोल्हापूरहून रुकसानाताई यायला लागल्या. त्या समोर बसल्यात. एका डॉक्टरबाईंच्या हाताखाली त्यांचं काम चाललं होतं. बाळांना पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध मिळतं का, की वरचंही काही दिलं जातं, ते बघायचं होतं. त्या विचारायच्या, "कालपासून बाळाला काय काय दिलं? पाणी? गुटी? मध? साखरपाणी?" मी सांगितलं, "काही नाही. फक्त माझं." आत्ती शेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या.

मग ताई म्हणाल्या, नुसतं विचारून खरं किती ते कळत नाही, म्हणून मोजायचीही एक रीत आहे. आईला थोडं वेगळं पाणी प्यायला द्यायचं. दिसायला साधंच, चवीलाही साधं, पण तपासणीत ओळखू येणारं. ते आईच्या दुधातून बाळात उतरतं. मग काही दिवस दोघांची लाळ कापसावर घ्यायची आणि तपासायची. बाळाच्या पोटात आईचं दूध किती गेलं, आणि दुधाशिवाय दुसरं पाणी किती गेलं, दोन्ही त्यातून कळतं.

मी लगेच हो म्हटलं. का? मला मोजून पाहिजे होतं. माझं दूध पुरतं की नाही, ते शेजारणीच्या तोंडून नको होतं. मोजून पाहिजे होतं.

ह्यांनी विचारलं, "बाधणार न्हाई न्हवं?" ताईंनी समजावलं. आत्ती एवढंच म्हणाल्या, "लाळंवरनं काय कळतंय व्हय!" आणि आत गेल्या.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाई स्वतः आल्या. सोबत ताई. बाईंनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "तुझं दूध चांगलं आहे. भरपूर आहे." मंडळी, मी रडायला लागले. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "पण बाळाच्या पोटात दुसरं पाणीही जातंय. थोडंथोडकं नाही. पोट पाण्यानं भरतं, मग ती दूध कमी ओढते. म्हणून वजन अडलंय."

मी म्हटलं, "मी नाही दिलं."

हे दारात उभे होते. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "मग मशीन खोटं बोलतंय का? तू ताईंसमोर सांगितलंस, फक्त दूध म्हणून." मी पुन्हा म्हटलं, मी नाही दिलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं. पण माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, हे मला दिसत होतं. बाईंचा बसला असेल. ह्यांचा नव्हता.

आणि तेवढ्यात आत्ती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पदराला पुसत. म्हणाल्या, "तिला काय बोलू नगंस. पानी म्या पाजलंय."

 ह्यांनी विचारलं, "कधी?"

"ही आंघोळीला गेली की. कापडं वाळत घालाय गेली की. चांदीच्या चमच्यानं. रोज पाजलंय." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोरीचं व्हट वाळल्यालं दिसायचं. मला बगवंना, बाई."

मला राग आला होता. खोटं कशाला सांगू? एवढे दिवस माझ्या दुधाला नावं ठेवली जात होती आणि आत्तींना सगळं माहीत होतं. मी काही बोलणार होते. पण आत्ती मटकन खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. त्या दिवशी जे बोलल्या ते ह्यांनीही आधी कधी ऐकलं नव्हतं.

ह्यांच्या आधी आत्तींना एक मुलगा झाला होता. शिवाजी. घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. असाच उन्हाळा. पोराला हगवण लागली. घरातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, दूध बंद करा, पाणी बंद करा, पोटात काही जाऊ देऊ नका. आत्ती तेव्हा कोवळी पोर. काय बोलणार? पोर जीभ बाहेर काढायचं. त्यांच्या पदराकडं तोंड वळवायचं. आणि त्यांनी पाजायचं नाही. एकदा त्या लपून पाण्याचं बोट त्याच्या ओठाला लावायला गेल्या, तर सासूनं हात धरला. पोर गेलं.

आत्ती म्हणाल्या, "पान्याबिगर तान्हेलं गेलं माझं पोर. मला म्हाईत हाय. मी तिथंच बसल्याली. आता हिचं व्हट बगितलं की मला त्यो दिसतोय. मग कसं ऱ्हावं?"

आता डॉक्टरबाई काय म्हणणार? मला वाटलं, समजूत घालतील. आयुष्य तेवढंच होतं म्हणतील. सगळे तेच म्हणत आले होते. बाई उठल्या, आत्तींच्या समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आत्ती, तुमचं बरोबर होतं. त्या पोराला दूध द्यायला हवं होतं, मीठसाखरेचं पाणीही द्यायला हवं होतं. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्हाला देऊ दिलं नाही."

 आत्तींनी विचारलं, "माझं बरूबर हुतं?"

"तुमचं बरोबर होतं."

मंडळी, किती वर्षं ती बाई ते काळजात घेऊन जगली होती! कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं. त्या मोठ्यानं रडल्या. भट्टीवरचे कारागीर काम सोडून दारात आले.

मग बाई म्हणाल्या, "पण ही नात आजारी नाही. हिला लागतं तेवढं पाणी हिच्या आईच्या दुधातच आहे. कितीही ऊन असू दे. तहान लागली की हिला आईकडं द्या."

सोपं होतं का ते? अजिबात नाही. आत्तींना दुपारी घरात बसवत नसे. त्या समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या. मधेच धावत यायच्या, "अगं, घे की तिला, घे की!" मी पाजायला घेतलं की समोर बसून बघायच्या. पोरगी दूध गिळायची तो आवाज ऐकायच्या. मग परत कट्ट्यावर. माझा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. त्या तशा समोर बसायला लागल्यावर हळूहळू गेला असावा.

वजन वाढलं. ह्यांनी तो डबा दुकानात परत नेऊन दिला. मला म्हणाले, "चुकलं माझं." आत्तींसमोर म्हणाले. आत्तींनीच म्हणायला लावलं होतं.

पुढं रुकसानाताई गल्लीत आल्या की आत्ती त्यांच्याबरोबर निघायच्या. कुणी बोलावलं नव्हतं. ताईंनी प्रश्न विचारायच्या आधीच आत्ती सुरू करायच्या, "म्या माझ्या नातीला चोरून पानी पाजल्यालं. तुमच्यात कोण पाजतंय?" मग बायका हसायच्या आणि बोलायच्या. कुणी म्हणायची, पाणी दिलं तर काय, ते काय देणं झालं का? कुणी सांगायची, गुटी उगाळते की. त्या खोटं बोलत नव्हत्या. पाणी कुणी मोजायचंच नाही. ताई मला म्हणाल्या होत्या, "लाळ तपासून आम्हाला पाणी कळतं. पाजणारीच्या मनात काय आहे, ते आत्ती बसल्या की कळतं."

आणि हगवण लागलेलं पोर कुठं आहे असं कानावर आलं, की आत्ती चप्पल न घालता निघायच्या. तिथं मात्र दारातूनच ओरडायच्या, "दूध बंद करू नगा! मीठसाखरंचं पानी पाजा!" एकदा एका म्हातारीनं त्यांचा हात धरला. आत्तींनी तो सोडवून घेतला. ते पोर आता मोठं झालंय. त्याची आई इथं बसली आहे, तिनं मघाशी मला सांगितलं.

शिवाजीचं नावही त्या दिवसापासून आमच्या घरात यायला लागलं. सणाला आत्ती म्हणायच्या, "शिवा असता तर एवढा झाला असता." ह्यांना म्हणायच्या, "तुजा थोरला भाऊ." आता त्या गेल्या. सकाळी चहा घेऊन बसल्या होत्या, तशाच गेल्या. त्यांना काही त्रास झाला नाही, एवढं समाधान आम्हाला आहे.

मला आणखी बोलता येणार नाही.

आत्तींसाठी आता आपण थोडा वेळ शांत बसू. उभं राहायची गरज नाही, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात. बसल्या जागी डोळे मिटा. आणि बायांनो, तुमच्या मांडीवर लेकरं आहेत. त्यातलं कुणी रडलं तर शांतता मोडेल म्हणून उठून बाहेर जाऊ नका. इथंच पदराखाली घ्या. आत्तींना चालेल.