तिसऱ्या मजल्यावर म्हणा

या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर. त्यांच्या शेजारी बसलेले, माझ्या लेकीचं काळीज एकदा हातात धरून परत जागेवर ठेवलेले ऑपरेशनचे डॉक्टर. आज ज्यांची सेवा संपतेय त्या आमच्या मोठ्या सिस्टर. त्यांना इतकी वर्षं सांभाळलेले, की त्यांनी सांभाळलेले, त्यांचे यजमान. समोर बसलेल्या सगळ्या सिस्टर, मावश्या, लिफ्टवाले मामा. आणि माझ्यासारखेच लेकरापाशी कुणाला तरी बसवून घटकाभर खाली आलेले आईबाप, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

आधी एक तक्रार. कार्यक्रम पुढं नेणाऱ्या बाई, तुम्ही मघाशी माईकवरून म्हणालात, 'सगळ्यांनी शांत व्हा.' पुढच्या रांगेतल्या सिस्टर लगेच एकमेकींकडं बघायला लागल्या, ते तुमच्या ध्यानात आलं नाही. आमच्या वॉर्डात हा शब्द चालत नाही. का चालत नाही, ते सांगायलाच मला उभं केलंय असं समजा.

दुसरं, हा फोन मी इथं समोर ठेवलाय. माझ्या सासूबाई लेकीपाशी बसल्यात. फोन वाजला तर मी वाक्य अर्धं टाकून जाईन. त्याला उद्धटपणा समजू नका. समजलात तरी माझी काही हरकत नाही.

मी कपडे धुते आणि इस्त्री करते. घराची पुढची खोली हेच दुकान. शाळा चौथीत सुटली, त्यामुळं बोलण्यात इकडचं तिकडं झालं तर चालवून घ्या. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, मूल नाही. आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर दिवस राहिले. लोक तोंडावर अभिनंदन करायचे आणि वळले की हसायचे. सासूबाई म्हणाल्या, "हसू देत. दात त्यांचेच दिसतात." मुलगी झाली. अशी चुरगळलेली, की आमचे हे तिला बघून म्हणाले, "हिला इस्त्री करायची राहिली की गं." तेव्हापासून ती सुरकुती. खरं नाव ठेवायला सवड कुठं मिळाली?

घरी आणलं आणि तिच्या नखांवर मला निळं दिसलं. आता माझा धंदा पांढऱ्या कपड्यांचा. बाळंतीण असले तरी गिऱ्हाइकाच्या चादरी थांबत नाहीत. एकदोन बादल्या मी काढतच होते. चादरींना नीळ घालायची, म्हणजे माझी बोटं बारा महिने निळी. वाटलं, माझ्याच हातची नीळ लागली पोरीला. ओल्या फडक्यानं पुसली. निघेना. सासूबाई म्हणाल्या, "आधी तुझे हात धू बाई, मग तिचे पूस." मी साबण लावून कोपरापर्यंत घासले, पुन्हा पुसलं. मग ती दूध ओढायला लागली, दमली, घामानं भिजली, आणि तिचे ओठ निळे झाले. ओठांना मी हात लावला नव्हता. सासूबाईंनी गुंडाळलेलं दुपटं सोडलं आणि पाय बघितले. पायांची नखंही तशीच. चादरी बादलीतच राहिल्या, आम्ही निघालो.

इथं खाली, याच हॉलच्या पलीकडं, एका वॉर्डबॉयनं पोर माझ्या हातातून घेतली आणि तो आत पळाला. थोड्या वेळानं बाहेर येऊन सांगतो काय, "बाळाला वर नेलंय."

आता तुम्हीच सांगा, लेकराला वर नेलं म्हणजे आपल्या भाषेत काय होतं? सासूबाई फरशीवर बसल्या. आमचे हे मुंगीला वाट देणारे, ते त्याची कॉलर धरायला गेले. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर नेलंय. चला, मी घेऊन जाते." आणि त्याला म्हणाल्या, "मजला सांगायला जीभ झिजते का रे?"

तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या या डॉक्टरांनी आम्हांला कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र वाईट होतं डॉक्टर, खरं सांगते, मला ते वांग्यासारखं दिसलं. पण बोलणं कळलं. फुप्फुसाकडं रक्त जायची वाटच अरुंद आहे, म्हणून पोर निळी पडते. वाट मोठी करायचं काम एवढ्या लहान जिवाला झेपणार नाही, ते नंतर. तोवर एक बारीक नळी आत बसवायची, तिच्यातून रक्त जाईल. मी विचारलं, "मग नळीनं भागेल?" तुम्ही म्हणालात, "भागेल. पण नळी तिच्याबरोबर वाढणार नाही."

हे वाक्य तुम्ही चहाचा कप खाली ठेवता ठेवता बोललात. मी ते घरी घेऊन गेले, आणि ते अजून माझ्या घरातच राहतंय.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. दार उघडलं की तिघांच्या माना वर. कुणी बाटल्या घेऊन जाई, कुणी चादरी. चादरी कशा धुतल्यात ते बघायचं म्हटलं तर नजर ठरेना. मग दारातून एक सिस्टर आली. नवी होती, वयानं लहान, आज इथं बसली आहे, मी बोट दाखवणार नाही. चांगल्या मनानं आली होती बिचारी. हसली आणि म्हणाली, "बाळ शांत झालंय."

आमचे हे मघाशीच उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले होते, ते घसरत खाली आले. सासूबाईंनी जो गळा काढला त्यानं त्या टोकाच्या बाकावरच्या बायाही रडायला लागल्या. त्यांचं लेकरू तर वेगळंच होतं. मी रडले नाही. मी तिला विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "आत्ताच, औषध दिल्यावर." मी म्हटलं, "कुठलं औषध दिलंत?" ती म्हणाली, "झोपेचं."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर दार ढकलून आल्या. माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "ऑपरेशन झालं. पोर आहे. छाती वरखाली होतेय. झोपेचं औषध दिलंय म्हणून हालत नाही." प्रत्येक वाक्यानंतर थांबल्या. मग त्या नव्या सिस्टरकडं वळल्या. "आजपासून या वॉर्डात कुणी शांत व्हायचं नाही. झोपलं म्हणा, हसलं म्हणा, लाथा मारतंय म्हणा. आणि कुणी वर जायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर म्हणा."

तुम्ही त्यांना मागं 'फौजदार' म्हणता, मला माहीत आहे. सिस्टरनाही माहीत आहे.

मग मला आत नेलं. ते मी फार सांगणार नाही. पोर माझ्या हातापेक्षा लहान आणि तिच्याभोवती यंत्रं माणसाएवढी. औषध उतरलं तशी ती रडायला लागली, पण घशात नळी, म्हणून आवाज नाही. तोंड उघडं, कपाळाला आठ्या, डोळ्यांतून पाणी, आणि काही ऐकू येत नाही. बंद काचेपलीकडं कुणी हाका मारतंय आणि आपल्याला दार सापडत नाही, तसं. मी सिस्टरना म्हटलं, "काहीतरी करा." त्या म्हणाल्या, "तुम्ही करा. पायाला हात लावा. तेवढीच जागा रिकामी आहे." मी पाय धरून उभी राहिले. माझ्या निळ्या बोटांत तिची नखं गुलाबी दिसत होती. पहिल्यांदाच.

नंतर मोठ्या सिस्टरांची आणि माझी भांडणं झाली, ती सगळ्या वॉर्डानं ऐकली. छातीचं हाड जुळेपर्यंत पोरीला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. मी एकदा विसरले, तर त्या अंगावर आल्या, "पुन्हा तशी धरलीत तर माझ्याशी गाठ आहे." मी म्हटलं, "कडक इस्त्रीचा शर्ट रोज उचलते मी, घडी मोडत नाही." म्हणाल्या, "मग शर्टच समजा. गिऱ्हाइकाचा समजा, म्हणजे जपाल." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. आयुष्यात मला तोडीस तोड भेटली ती ही एकच बाई.

घरी सोडताना त्यांनी मला सांगितलं, "ओठ बघा, नखं बघा, दूध किती जातंय बघा. उलट्या-जुलाब झाले तर घरी बसू नका, अंगातलं पाणी गेलं की नळी तुंबते. आणि शंका आली तर माझ्या फोनवर करा."

पुढचे महिने कसे गेले ते कुणाला सांगून कळायचं नाही. प्रत्येक आई म्हणते, पोर अंगानं भरू दे. मी काय म्हणू? ती जितकी भरणार तितकी नळी अपुरी पडणार. शेजारीण यायची, गाल ओढायची, "छान बाळसं धरलं की हो." मी दुपटं ओढून तिला झाकायची. झबलं आखूड झालं की मी ते इस्त्री करून कपाटात ठेवायची आणि मोठं काढायच्या आधी तिची नखं बघायची. घासही आमचाच आणि घोरही आमचाच. हे म्हणायचे, "वाढतेय गं." मी म्हणायचे, "हळू बोला." कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, तेही मला ठाऊक नव्हतं.

परवा दुपारी तिनं दूध घेतलं नाही. रडलीही नाही. मी टाळी वाजवली, इस्त्रीचं झाकण आपटलं, ते तिला फार आवडतं. तिनं नुसती मान वळवली. ताप नाही, उलटी नाही. निळी म्हणावी तर आभाळ आलेलं, खिडकीत उजेड कमी. सांगू काय आणि कुणाला? फोन लावला. "सिस्टर, काही झालेलं नाही हो. आज जरा शांत आहे."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. एवढ्या महिन्यांत आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. पलीकडून सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आहे तशी उचला आणि निघा. मी दारात थांबते." त्या दारात होत्या. नळीतून जेमतेम धार चालली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं.

तर मंडळी, पोर आत्ता इथंच आहे. मोठं काम नंतर करायचं होतं, ते उद्या सकाळी आहे. आणि मोठ्या सिस्टरांची सेवा आज संध्याकाळी संपतेय. सिस्टर, मुहूर्त काढावा तर तुम्हीच. इथं सगळ्यांनी तुमच्या विश्रांतीबद्दल गोड गोड सांगितलं. मला त्यातलं काही पटलेलं नाही.

निरोप हा शब्दही मला आज नीट लागेना. तुम्ही म्हणता निरोप समारंभ. आम्ही त्या बाकावर बसतो तेव्हा निरोप म्हणजे दार उघडून कुणी काय सांगतं ते. मला तेवढाच निरोप ठाऊक आहे. म्हणून अध्यक्षांना माझी विनंती आहे, आणि ती मी चारचौघांत करतेय म्हणजे तुम्हांला टाळता येणार नाही. उद्या त्या दारातून बाहेर येऊन जे सांगायचं ते याच बाईंनी सांगावं. नोकरी संपली असली तरी. गणवेश नसला तरी. मोठे डॉक्टर, तुम्ही मान हलवलीत, सगळ्यांनी बघितलं.

सिस्टर, तुम्ही मात्र खाली बघताय. तुम्ही कधी खाली बघत नाही. सकाळपासून पोरीच्या तपासणीचे कागद वाचणारे सगळेच माझ्याशी जरा जास्त गोड बोलतायत, ते मला कळतं. खाली बघू नका. ऐका. झोपली म्हणायचं असेल, लाथा मारतेय म्हणायचं असेल, तर तुम्ही म्हणा. आणि तो दुसरा शब्द म्हणायची वेळ आलीच, तर तोही तुम्हीच म्हणा. एवढे महिने तो घराबाहेर ठेवलाय, तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी घेणार नाही.

तुम्ही सुखी राहा, यजमानांना फार धाकात ठेवू नका. ज्यांनी मला बोलायला उभं केलं त्यांचे आभार. कुणाला माझा एखादा शब्द लागला असेल तर तो माझ्याच पदरात परत टाका. धुऊन, इस्त्री करून मी तो नंतर आणून देईन. आज सवड नाही.

येते मी. मला वर... तिसऱ्या मजल्यावर जायचंय.