बाळासाठी निळी सीट

उल्हासनगर कॅम्प दोनला, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात, माझ्या स्कूटरच्या सीटला नवं कव्हर चढत होतं. शेजारी अंबरनाथचं एक जोडपं, बाळाला कडेवर घेऊन, आपल्या मारुतीसाठी बाळाची सीट निवडत होतं.

"वृंदा, निळी घेऊ. गाडीच्या कव्हरला मॅच होते."

"अहो, पण हिच्यात बाळ नीट बसेल का ते बघा ना."

"शेठ, मजबूत आहे ना?"

"साहेब, इम्पोर्टेड माल आहे. बच्चा हलणार पण नाय. फक्त गाडीत मागे बेल्ट पाहिजे."

"मागे तर बेल्टच नाहीत."

"मग नायलॉनची दोरी देतो. फ्री."

"झालं तर मग. रविवारी बदलापूरला ताईच्या वास्तुशांतीला हीच न्यायची. भाऊजींची गाडी मोठी असेल, पण अशी सीट नाही त्यांच्याकडे."

"थांबा, बाळाला बसवून बघते."

"प्लास्टिक काढू नकोस हं. दुधाचे डाग जात नाहीत."

"अहो, प्लास्टिकवरून घसरतंय ते."

"मग रविवारी नको बसवायला. तसंही मागे आई, अण्णा आणि आत्या. ही ठेवली तर आत्या कुठे बसणार?"

"मग डिकीत ठेवू या."

"डिकीत? जॅक लागून ओरखडे पडतील. तू पुढे बस आणि मांडीवर घे. खड्डा आला की दोन्ही हातांनी घट्ट धरायची."

"बाळाला?"

"सीटला गं. बाळाला मागे कुणीही घेईल."