आयती नळी

पडद्यापलीकडच्या खाटेशी डॉक्टरीणबाई थांबल्या, तसे पाय प्लास्टरमध्ये असलेल्या शेजाऱ्याने कान टवकारले.

“काका, तुमच्या रक्तात औषध फार साठलंय. असंच राहिलं तर किडन्यांना दणका बसेल. आजचा डोस थांबवावा लागेल.”

“मी म्हणतच होते, हे पाणी पीत नाहीत.”

“तू गप्प बस गं.”

“पण काकू, लघवी तर छान होतेय. काका, रक्त कुठल्या हातातून घेतलं?”

“ह्या.”

“सलाईन लावलेल्या? सुई कुठे टोचली?”

“टोचायची कशाला? नळी आयती होती. सिस्टरच्या नाकदुऱ्या काढल्या, त्यातूनच घे म्हटलं.”

“काका, औषध त्याच नळीतून जातं. आम्ही तुमचं रक्त नाही, आमचंच औषध तपासलं.”

“म्हणजे किडन्या शाबूत?”

“ते दुसऱ्या हाताला विचारू.”

“अहो, द्या आता हात. बाई, घरी कापसाचा बोळा दिसला तरी हे माळ्यावर चढतात.”

“एकदाच ना?”

“आत्ता एकदा. उद्या डोसच्या आधी परत.”

थोड्या वेळाने सिस्टर ट्रे घेऊन अलीकडे आल्या. शेजाऱ्यालाही तेच औषध चालू होतं, आणि रक्त घ्यायला आल्या की आपल्याही नळीकडे बोट दाखवायचं, हे काकांचं ऐकून त्याने सकाळीच ठरवलं होतं. त्याने निमूटपणे दुसऱ्या हाताची बाही वर केली.