संज्याचा घरगुती पंप

माशांच्या टाकीचा पंप लोक घरीच का बनवतात म्हणता? रहिमतपूरच्या संज्याचं ऐका. भर दुपारी त्याच्याकडं चहाला गेलो, तर आतल्या खोलीत दमेकऱ्यासारखी घरघर. त्याचे दमेकरी वडील, अण्णा, तर गेल्या पावसाळ्यातच वारलेले.

"माशांचा पंप हाय रं," संज्या म्हणाला. "अण्णांच्या वाफेच्या मशीनचा केलाय. आवाज जुळेपतूर लय खटपट केली."

"दुकानात बिनआवाजाचा मिळतो की."

"आणलावता. आईचा डोळाच लागंना."

तेवढ्यात लाईट गेली. घरघर थांबली. आतून त्याची आई शांतपणे म्हणाली, "संज्या, गेलं बघ हे. पावण्यांना कळीव."

संज्या चहा ओतत राहिला.

"येतील गं आई अण्णा परत. लाईट येऊ दे."