वैशालीचे बचावाचे पत्ते

तो व्हॅम्पायरचा पत्त्यांचा खेळ मी आता काऊन काढत नाई, ते सांगते. माझी मैत्रीण वैशाली पिपरीच्या शाळेत शिकवायची, अन् रविवारी दुपारी आमच्याकडं खेळाले यायची. आपापले पत्ते जमवून गठ्ठा बनवायचा अन् समोरच्याच्या व्हॅम्पायरचं रक्त संपवायचं, असा तो खेळ. वैशालीच्या गठ्ठ्यात निम्मे पत्ते नुसते बचावाचे, म्हणून ती सदा हरायची.

एका रविवारी मी म्हणलं, "काढून टाक वं हे. समोरच्यानं हल्लाच नाई केला, तर हे पत्ते हातात पडून फुकट जातात."

"हल्ला होणार नाई, असं तुले वाटते तरी कसं?" ती म्हणाली.

मी हसली. पत्ते पिसताना तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ होते.

"भाऊजीनं?"

तिनं मान खाली घातली.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ती घाईघाईनं पर्स घेऊन उठली. मी तिले खाली बसवलं अन् फाटकापाशी गेली.

"वैशाली आज इथंच राह्यते," मी म्हणलं.

तिचा नवरा गाडीवर बसूनच हसला. "ठेवा ना. किती दिवस ठेवसान?"

मी त्याच्या तोंडासमोर फाटकाले कुलूप लावलं. आता ते बचावाचे पत्ते हातात घेतले की मले तिच्या हातावरचे वळ दिसतात, म्हणून तो खेळ मी काढतच नाई.