शेवटच्या बाकावरचा ड्रायव्हर

मंडळी, एक सरळ प्रश्न विचारतो. कोणी आपल्याला मान दिला आणि आपण 'मी नको, दुसरं कोणी बघा' म्हणून मागे सरलो, तर तो नम्रपणा की देणाऱ्याचा अपमान? पुढच्या रांगेतले म्हणताहेत, नम्रपणा. बरं. मग ऐका.

राहुरीकडचे भाऊसाहेब धनवटे. एसटीचे ड्रायव्हर. त्यांच्याच गाडीवर कंडक्टर शांतवन साळवे. एकाच्या गळ्यात तुळशीची माळ, दुसऱ्याच्या गळ्यात क्रूस. बावीस वर्षं गाडी एक आणि डबाही एक! एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. शांतवनची डबल बेल झाल्याशिवाय भाऊसाहेबांनी गाडी कधी जागची हलवली नाही. माणूस इतकं ऐकतो कुणाचं? घरात तरी ऐकतो का? मृदंगवाले खाली बघताहेत, म्हणजे ऐकत नसणार.

पुढे दोघे निवृत्त झाले. भाऊसाहेबांची पत्नी द्वारकाबाई गेली. दोन वर्षांनी शांतवनही गेला. आणि शांतवनच्या मुलीचं, सुवार्ताचं, लग्न ठरलं.

ती आईला, एस्तेरबाईंना, घेऊन पत्रिका द्यायला आली. म्हणाली, "काका, आमच्यात वडील मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेतात. बाबांच्या जागी तुम्ही यायचं."

भाऊसाहेबांच्या हातातला चहा थांबला. म्हणाले, "मी नको, बाय. दुसरं कोणी बघा."

"का, काका?"

"नको म्हणलं ना."

झालं. कारण पोटातच राहिलं. मायलेकी परत निघाल्या. वाटेत सुवार्ता म्हणाली, "आई, बाबांच्या डब्यातली भाकरी यांनी बावीस वर्षं खाल्ली. चर्चची पायरी तेवढी जड झाली?" एस्तेरबाई म्हणाल्या, "भाऊजी तसे नाहीत गं." "मग कसे आहेत? जाऊ दे. मी एकटीच चालेन."

आता सांगा, नम्रपणा कुठे गेला? बावीस वर्षांची मैत्री एका 'नको'वर टांगली गेली.

लग्नाचा दिवस उजाडला. भाऊसाहेब आले बरं का. स्वच्छ धोतर, टोपी. सवयीनं चर्चच्या दारात चपला काढल्या, आत बघतात तर सगळ्यांच्या पायांत बूट! परत चपला घालायला गेले, तर त्यांच्या चपलांवर छत्र्यांचा ढीग. तसेच अनवाणी, दारालगतच्या शेवटच्या बाकावर बसले. तिथं का? कारण गेल्या वर्षी सख्ख्या पुतणीच्या लग्नात थोरल्या भावानंच त्यांना सांगितलं होतं, "तू मागं बस. कन्यादानाला जोडी लागते." त्या दिवसापासून माणसानं शेवटची खुर्ची आपलीच धरली होती.

पेटी सुरू झाली. सगळे उठले. दारात सुवार्ता, पांढरी साडी, डोक्यावर जाळीचा पदर. एकटी. दोन पावलं आली आणि त्या बाकाशी थांबली. पेटीवाल्यानं तोच सूर पुन्हा धरला.

ती हळूच म्हणाली, "काका, एवढंच सांगा. देव आडवा आला का?"

"देव नाही गं." भाऊसाहेब म्हणाले. "तुझी काकू नाही. एकट्या माणसानं पोरीला देऊ नये. तुझ्या संसाराला नाट लागेल."

सुवार्तानं त्यांच्याकडे बघितलं. आठ दिवसांचा राग होता, तो कुठल्या कुठे गेला. म्हणाली, "माझी आईपण एकटीच आहे. ती पहिल्या बाकावर बसलीय. तिला बाहेर काढू?"

"असं बोलू नये."

"मग उठा. आमच्यात जोडी लागत नाही, काका. आपलं माणूस लागतं."

भाऊसाहेब उठले. तिनं त्यांचा हात धरला. पण पाय निघेनात. लांबलचक वाट, दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांच्या नजरा अनवाणी पायांवर. एसटी घाटात बंद पडावी तसे उभे.

सुवार्ता त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "टिण टिण."

मंडळी, गाडी निघाली! निघाली ती अशी, की पोरगी मागं राहते की काय. "काका, हळू. सगळे थांबे घ्यायचेत." माणसं हसली, भाऊसाहेबही हसले, पण डोळे पुसत.

वेदीपाशी पोचले. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "ह्या मुलीला लग्नात कोण देत आहे?"

याचं उत्तर काय द्यायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. भाऊसाहेब ताठ उभे राहिले आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं बोलले, "शांतवन साळवे, कंडक्टर. मी नुसता ड्रायव्हर."

पहिल्या बाकावर एस्तेरबाईंनी पदर तोंडाला लावला.

आता तुम्ही. नम्रपणा म्हणत होतात ना मघाशी? नको म्हणायचं तर कारण सांगा, नाहीतर समोरचा आपल्या मनानं कारण लावतो, आणि ते नेहमी वाईटच असतं. हे झालं मागे बसणाऱ्यांसाठी. पण त्यांना मागे बसवलं कुणी? पुढच्या महिन्यात तुमच्याही घरी मांडव पडेल. हळदीच्या वेळी एखादी काकू खांबाआड उभी राहील, एखादा मामा शेवटची खुर्ची शोधेल. ती माणसं आपणहून पुढे यायची नाहीत. बेल तुमच्या हातात आहे. दोनदा वाजवा.